गांडुळांची डबी आणि मारिया

गांडूळ म्हटलं की आपल्या गटातल्या बायकांना खताचे बेड आठवतात, शेणाची पाटी आठवते, फार तर भरलेली पोती. आज आम्ही ज्या शेतकऱ्याची गोष्ट सांगणार आहोत त्याचेही दिवस गांडुळांनीच बदलले, पण त्यानं खत केलं नाही. तो पहाटे गांडुळांची डबी घेऊन जंगलात शिरला आणि एका पक्ष्याला हाका मारू लागला, "मारिया, ये, ये!" आता त्या हाकेला झुडपातून पक्षी चालत बाहेर येतो, आणि ते बघायला माणसं विमानं बदलून बदलून येतात, वर पैसेही देतात.

हे घडलं इक्वेडोर देशात. दक्षिण अमेरिकेतला हा देश पॅसिफिक महासागराच्या काठाला आहे. आपल्या महाराष्ट्रापेक्षा लहान. पण पक्षी मोजायला बसलं तर तिथं १६०० हून अधिक जाती. आपल्या सबंध भारतात आहेत साधारण १३०० च्या वर. एवढ्याशा देशात एवढे पक्षी कसे? कारण देशाच्या मधोमध अँडीज नावाचा डोंगर उभा आहे. तो आपल्या सह्याद्रीसारखा नाही. आपलं सर्वात उंच कळसूबाई शिखर १६४६ मीटर. तिथली राजधानी किटो हे शहरच मुळी २८५० मीटरवर वसलंय, आणि डोंगर त्याच्याही कितीतरी वर जातात. समुद्रकाठची उष्ण हवा ते वरचं बर्फ, सगळं एका दिवसाच्या गाडीच्या प्रवासात. उंची बदलली की झाडं बदलतात, झाडं बदलली की पक्षी बदलतात.

म्हणून तिथं पक्षी बघायच्या सहली निघतात. सोबत वाटाड्या असतो, त्याला सगळे गाईडच म्हणतात. तुम्ही म्हणाल, पक्षी बघायला गाईड कशाला, डोळे आहेत की! पण तिथलं जंगल इतकं दाट की दहा पक्षी ओरडले तर एखादा दिसणार. गाईड आधी कानानं ओळखतो, मग तिपाईवरची मोठी दुर्बीण नेमकी त्या फांदीवर लावतो, आणि पाहुण्यांना एकेक करून डोळा लावायला सांगतो. कोणतं झाड कधी फळतं, कोणत्या ओढ्याकाठी कोण बसतं, हे त्याला पाठ. ही विद्या पुस्तकातून थोडी येते, बाकी त्या रानात लहानाचं मोठं होऊनच येते.

सहल बहुधा किटोहून निघते. एक वाट वर जाते, पिचिंचा डोंगराच्या कुशीत, ३५०० मीटरपर्यंत. तिथं चार पावलं भराभर टाकली तरी धाप लागते, म्हणून गाईड मुद्दाम रेंगाळत चालतो. तिथं गुंजन पक्षी दिसतात. हमिंगबर्ड म्हणतात ते हेच. आपल्याकडं जास्वंदीवर येतो तो शिंजीर वेगळा, त्याचं नि यांचं कुळ एक नाही. गुंजन पक्षी फक्त अमेरिका खंडांतच सापडतात. फुलासमोर हवेत जागच्या जागी थांबतात, आणि पंख इतके भरभर हलतात की नुसता धूर दिसावा. त्यांतल्या एकाची चोच तर शेपूट सोडून बाकीच्या अंगापेक्षा लांब. लांबलचक नळीसारख्या फुलांतला मध चोखायचा म्हणून ती तशी. थंडीच्या रात्री यांचं अंग गार पडतं, काळीज हळू चालतं, आणि सकाळी पुन्हा ऊब धरून ते उडतात. एवढ्याशा देहाला रात्रभर शेकोटी पेटती ठेवणं परवडत नाही, म्हणून ती विझत ठेवायची, असाच हिशेब.

दुसरी वाट पश्चिमेला खाली उतरते, मिंडो गावाकडं. साधारण दोन तासांचा रस्ता. इथं ढगांचं जंगल लागतं. समुद्रावरून आलेली ओली हवा डोंगरावर चढते, गार होते आणि तिचे ढग होतात. हे ढग झाडांच्या डोक्यावर नसतात, झाडांच्या मधूनच फिरतात. पावसाळ्यात आंबोलीला गेलेल्या बाईला हे लगेच समजेल, फक्त तिथं ते बाराही महिने चालतं. फांद्याफांद्यांवर शेवाळ, त्यात आमरी, त्यात अननसाच्या कुळातली झाडं. ती सगळी धुक्यातलं पाणी धरतात आणि थेंब थेंब खाली सोडतात. पाऊस नसला तरी ओढे वाहतात ते या झाडांमुळं. झाडं तोडली की ढग तसेच वरून निघून जातात.

आणि झाडं तर तोडली जातच होती. मिंडोच्या परिसरातले शेतकरी जंगल साफ करून गुरांना कुरण करायचे, फळं लावायचे. आंखेल पास हा त्यांतलाच एक. भावाच्या जोडीनं शेती, जंगलातलं लाकूड, अधूनमधून शिकार. सन २००५ च्या सुमाराला त्याला कळलं की आपल्या रानात पहाटे जे लालभडक पक्षी जमून गोंगाट करतात, ते बघायला लोक पैसे देतील. त्या पक्ष्याच्या नावाचा अर्थ 'खडकावरचा कोंबडा'. नर एकत्र जमतात, माना वाकवतात, पंख फडकवतात, डुकरासारखे चीत्कारतात. मादी येते, बघते, एकाला पसंत करते आणि जाते. पुढं खडकाच्या कपारीत चिखलाचं घरटं बांधणं, अंडी उबवणं, पिलांना भरवणं, सगळं तिच्या एकटीच्या माथी. नर दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा नाचायला हजर! (हे ऐकून आमच्याकडं रेकॉर्डिंगच्या वेळीच हसू फुटलं होतं.)

पाहुण्यांसाठी पायवाट खणताना आंखेलला एक वेगळाच पक्षी दिसला. तितराएवढा, अंड्यासारखा गोल, शेपूट जवळजवळ नाही, पाय मात्र लांब. उकरलेल्या मातीतली गांडुळं तो टिपत होता. इंग्रजीत या कुळाला अँटपिट्टा म्हणतात. गंमत म्हणजे 'पिट्टा' हा शब्द आपल्या शेजारच्या तेलुगू भाषेतला, अर्थ नुसता 'पक्षी'. पावसाळ्याच्या तोंडाला आपल्याकडं येणारा नवरंग हा खरा पिट्टा. तिकडच्याचं नाव दिसण्यावरून पडलं, नातं काही नाही. हे पक्षी दाट सावलीत जमिनीवर चालतात आणि चाहूल लागली की गायब होतात. इतके लपून राहतात की यांतली एक जात इक्वेडोरमध्ये थेट १९९७ साली शास्त्रज्ञांच्या हाती लागली. मोठे मोठे जाणकारही नुसता आवाज ऐकून घरी परतायचे.

आंखेलनं गांडुळं खणून त्याच्यापुढं टाकायला सुरुवात केली. पक्षी पळाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकली, पुन्हा पळाला. घरचे, शेजारचे काय म्हणाले असतील ते तुम्हीच ताडा, शेतीची कामं टाकून माणूस पाखरामागं हिंडतोय! पण आठवड्यामागून आठवडे त्यानं नेम मोडला नाही, आणि शेवटी पक्ष्यानं समोर उभं राहून गांडूळ खाल्लं. त्याचं नाव ठेवलं मारिया. नर की मादी हे नुसतं बघून सांगता येत नाही, पण नाव बाईचं पडलं ते पडलंच. पुढं आणखी जातींचे अँटपिट्टाही हाकेला येऊ लागले. एक छोटासा चालताना कंबर हलवतो, त्याला तिकडच्या प्रसिद्ध गायिकेचं नाव मिळालं, शकिरा.

आता सकाळी पाहुणे आधी लाल पक्ष्यांचा नाच बघतात, मग मारियाची वाट बघतात, आणि मग या घरचीच न्याहारी खातात. कच्ची केळी उकडून, कुटून, आत सारण भरून केलेले गोळे आणि करंजीसारख्या एम्पानादा. आम्हाला या न्याहारीचं फार कौतुक वाटलं. म्हणजे चुलीपुढच्या कामालाही मोल आलं.

सगळं गोड आहे असं मात्र आम्ही सांगणार नाही. पाहुण्याच्या खर्चातला मोठा भाग विमान, गाडी आणि हॉटेलातच जातो, रानाच्या मालकापर्यंत त्यातला थोडाच पोचतो. २०२० साली कोरोनानं विमानं थांबवली तेव्हा तिकडचे पाहुणेही थांबले, आणि अशा धंद्यावरच सगळं घर टाकलं तर काय होतं ते दिसलं. शिवाय रानातल्या पक्ष्याला माणसाच्या हातची सवय लावावी का, यावर जाणकारांत दोन मतं आहेत. काही गाईड पक्ष्याचा आवाज मोबाईलवर वाजवून त्याला बाहेर काढतात. पक्ष्याला वाटतं, हद्दीत दुसरा नर आला, आणि तो अंडीपिल्लं सोडून भांडायला धावतो. चांगला गाईड विणीच्या दिवसांत हे करत नाही, पाहुणा कितीही अडून बसला तरी.

दुसरा धोका खाणींचा. या डोंगरांत सोनं आहे, तांबं आहे. म्हणून २०२३ च्या ऑगस्टमध्ये किटोच्या मतदारांना विचारलं गेलं की या भागात, म्हणजे चोको अँडिनोत, खाणींना मनाई करावी का. दर तिघांतल्या दोघांहून जास्त जणांनी 'होय' म्हटलं. मतदार बहुतेक शहरातले होते. जंगलाकाठच्या गावांत काहींना खाणीत नोकरी दिसत होती, काहींना ओढ्याचं पाणी.

आणि एक राहिलं. मारिया रोज येतेच असं नाही. कधी धुकं दाटतं, आंखेल हाका मारत राहतो, गांडुळं डबीत वळवळत राहतात आणि झुडूप काही हलत नाही. पाहुणे तासभर चिखलात उभे राहतात, मग गोळे खायला घराकडं वळतात.