अटेंडर कौन है?

जबलपूरच्या इस्पितळांत रुग्णाच्या सोबत्याला नाव नसतं. सिस्टर दारातून विचारते, "सात नंबर का अटेंडर कौन है?" आणि कुणाचा नवरा, कुणाची सून, कुणाचा थोरला भाऊ लगबगीनं उठतो. मंडला, दिंडोरी, नरसिंहपूर, कटनी, सगळीकडून मोठ्या ऑपरेशनसाठी माणसं इथेच येतात. १९५५ साली सुरू झालेलं गढ्याचं 'मेडिकल' असो की राइट टाउनातलं खासगी इस्पितळ, रात्रपाळीला सिस्टर मोजक्याच. उरलेलं काम अटेंडरचं.

आमच्या हिच्या आतड्याचं ऑपरेशन झालं, पोट उघडून. तिच्या खाटेशेजारच्या स्टुलावर मी हे काम शिकलो.

त्यात मोजमाप पहिलं. धीर द्यायला भेटायला येणारे पुष्कळ असतात. लघवी मोजायला कुणी येत नाही. साधा हिशेब असा, की किलोमागे तासाला निदान अर्धा मिली. साठ किलोच्या माणसाला तीस. नाकातल्या नळीतून किती हिरवं पित्त आलं, सलाईन किती गेलं, सगळं वेळ घालून कागदावर. पोटातल्या ड्रेनच्या पिशवीतलं पाणी आधी लालसर, मग फिकं गुलाबी, मग पिवळसर होत जातं. पिवळ्याचं एकाएकी लाल झालं किंवा गढूळ होऊन वास मारू लागलं, तर सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही, तिथल्या तिथे सिस्टरला उठवायचं.

मग ते तीन चेंडूंचं खेळणं, स्पायरोमीटर. त्यावर ६००, ९००, १२०० असे आकडे. नवखा माणूस हमखास त्यात फुंकतो. खरं तर श्वास आत ओढायचा असतो, सावकाश, आणि चेंडू वर धरून ठेवायचा. टाके दुखतात म्हणून रुग्ण वरवरचा श्वास घेतो, फुप्फुसाचा खालचा भाग मिटून जातो, कफ साचतो आणि पोटाच्या ऑपरेशननंतर न्यूमोनिया गाठतो. खोकायचं असेल तेव्हा उशी पोटावर दोन्ही हातांनी घट्ट दाबायची. हिला वाटे, खोकलं की टाके उसवतील. उशी दाबून एकदा खोकली, आणि ती भीती निम्मी झाली.

खाटेवरून उठवण्याची एक रीत आहे. नवऱ्याला हात धरून ओढावंसं वाटतं. "अहो, ओढू नका, मी उठते," असं ही म्हणायची ते योग्यच होतं. गुडघे वाकवायचे, कुशीवर वळायचं, पाय खाटेखाली सोडायचे आणि कोपरावर जोर देऊन तिनं स्वतः वर यायचं. आपण फक्त पाठीशी हात ठेवायचा. मग पाय लोंबते ठेवून दोन मिनिटं बसू द्यायचं, चेहरा पांढरा पडतोय का बघायचं. लघवीची पिशवी ओटीपोटाच्या खाली धरायची आणि चालायचं, दारापर्यंत का होईना. पूर्वी आठवडाभर खाटेवर झोपवून ठेवत. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात ती पद्धत मोडीत काढली. लवकर उठवलेला रुग्ण लवकर सावरतो, हे आता जगभर मान्य आहे. पडून राहिलं तर पोटरीत रक्ताची गुठळी धरते.

आणि गॅस! डॉक्टर आले की पहिला प्रश्न, "गैस पास हुई?" हाताळलेलं आतडं काही काळ संपावर जातं; लहान आतडं लवकर जागं होतं, मोठ्याला दोन-तीन दिवस लागतात. तोवर आम्ही उभयता, जन्मात ज्या विषयावर बोललो नाही, त्याच एका विषयाची वाट बघत होतो. बातमी आली तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या आजींनी "नर्मदे हर" म्हटलं. मग पाण्याचे घोट, नारळपाणी, मुगाच्या डाळीचं पाणी, आणि सर्जनची परवानगी मिळाली तेव्हा पातळ खिचडी.

एका गोष्टीची कल्पना मात्र कुणीच देत नाही. रात्री ही मला विचारू लागली, "नैनपूर आलं का?" तिचं माहेर गोंदियाचं. नैनपूरवरून गोंदियाला जाणाऱ्या, २०१५ साली इथून बंद झालेल्या छोट्या रेल्वेत आपण बसलो आहोत, असं तिला वाटत होतं. साठीनंतर मोठ्या ऑपरेशनपाठोपाठ असा भ्रम अनेकांना होतो, बहुतेकांचा ओसरतोही. पण त्यामागे जंतुसंसर्ग, कमी पडलेला ऑक्सिजन किंवा एखादं औषध असू शकतं, म्हणून डॉक्टरांना सांगायचंच. वाद घालायचा नाही. चष्मा डोळ्यांवर, घड्याळ समोर, दिवसा खिडकी उघडी, रात्री अंधार आणि शांतता. शांतपणे सांगायचं, की आपण जबलपूरच्या इस्पितळात आहोत, आज बुधवार आहे, मी इथेच आहे.

गुळगुळीत कागदावर जाहिरात छापणाऱ्या इस्पितळांना अटेंडरसाठी हिंदीत एक पान छापायला काय होतं, कळत नाही. ते छापलं जाईपर्यंत एवढं करा: ऑपरेशनची तारीख ठरली की स्पायरोमीटर आधीच घरी आणून रुग्णाकडून सराव करून घ्या, उठवायची रीत सिस्टरकडून अगोदर शिका, आणि रात्रीच्या पाळीला आणखी एक माणूस ठरवून ठेवा. सलग जागलेल्या माणसाला पिशवीतला रंग बदललेला दिसत नाही.