गुडघा तिचा, चर्चा सगळ्यांची

आमच्या आळेफाट्याला एखादी मुलगी कबड्डी खेळताना पडली, गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज आला, की आधी चोळून घ्यायला नेतात. मैत्रिणींनो, पाय मुरगळणं वेगळं आणि गुडघ्यातलं लिगामेंट तुटणं वेगळं. मांडीचं हाड आणि नडगी बांधून ठेवणारा हा दोर एक्स-रेत दिसत नाही, एमआरआय काढावा लागतो. गुडघा लगेच सुजला, वळताना निसटतो असं ती म्हणाली, तर चोळू नका, हाडाच्या डॉक्टरांना दाखवा.

ऑपरेशन प्रत्येकीला लागतंच असं नाही. मांडीचे व्यायाम नेटाने केले तर रोजची कामं बऱ्याच जणींना जमतात. पण पुन्हा मैदानात उतरायचंय आणि गुडघा निसटतोय, तर बहुधा ऑपरेशनच; नाहीतर आतली गादीही फाटू शकते. पुन्हा खेळायला त्यानंतर साधारण नऊ महिने.

घरात मात्र वेगळीच काळजी! “टाके दिसले तर लग्नाचं कसं?” मुलाच्या वेळी विचारतो का आपण असं? विनेश फोगाटचा गुडघा २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये दुखावला, ऑपरेशन झालं. २०१८ साली तिने आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. २०२३ साली पुन्हा गुडघ्याचं ऑपरेशन, तेही आपल्या मुंबईत.

डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, “पुढे खेळायचंय का?” मुलगी तोंड उघडायच्या आत वडील “नाही” म्हणून मोकळे होतात.