पाहुण्याच्या हाती किल्ल्या

पाहुण्याने परक्या घरी कसे वागावे, याचे आपल्याकडे काही संकेत आहेत. त्याने पाटावर बसावे, वाढलेले जेवावे, आग्रह झाला की ‘पुरे, पुरे’ म्हणावे आणि निघताना बासुंदीची तारीफ करावी. पण घरधन्याने किल्ल्यांचा जुडगाच त्याच्या हाती ठेवून, ‘आज घर तुमचे, वाढपीही तुम्हीच,’ असे सांगितले तर? अमेरिकेतील ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या प्रहसनांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गेली पन्नास वर्षे नेमके हेच चालले आहे.

११ ऑक्टोबर १९७५ रोजी न्यूयॉर्कमध्ये तो सुरू झाला. घरची नटमंडळी तीच, पण यजमान दर खेपेला नवा. सोमवारी त्याची लेखकांशी ओळख व्हायची, मंगळवारी रात्रभर लेखन, बुधवारी चाळीसएक प्रहसनांचे वाचन. शनिवारी संध्याकाळी प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम. तीत जे रंगले नाही ते बाद. आणि रात्री साडेअकराला दीड तासाचा थेट प्रयोग! चुकले तर पुन्हा घेण्याची सोय नाही. एका बुक्कीत दहा जणांना लोळवणारा पडद्यावरचा वीर या घरात शिरला, की खरी परीक्षा सुरू होते.

२० एप्रिल १९९१ रोजी स्टीव्हन सीगल तेथे यजमान झाला. आयकिडो या जपानी युद्धविद्येत पारंगत असलेला हा नट तेव्हा ऐन भरात होता. पण आपल्यावर कोणी हसावे हे त्याला मानवेना, असे त्याच्याबरोबर काम केलेल्या कलावंतांनी पुढे सांगितले. त्याला पुन्हा बोलावणे आले नाही. दुसऱ्या वर्षी निकोलस केज यजमान असताना, ‘मी येथे आलेला सर्वांत वाईट माणूस ठरणार,’ अशी लटकी काळजी त्याने रंगमंचावर बोलून दाखवली. तेव्हा कार्यक्रमाचे जनक लॉर्न मायकल्स यांनी, ‘छे, तो मान सीगलचा,’ अशा अर्थाचे उत्तर देऊन हशा पिकवला.

आता दुसरा गडी पाहा. १८ मार्च २००० रोजी ड्वेन जॉन्सन तेथे आला तेव्हा तो चित्रपटातला नट नव्हता. ‘द रॉक’ या नावाने गाजणारा कुस्तीगीर होता. त्याने मिळतील ती सोंगे मजेत घेतली. पुढच्याच वर्षी ‘द ममी रिटर्न्स’मधून तो पडद्यावर आला. २००९ मध्ये त्याने केलेले सोंग तर झकासच. शांत स्वभावाचे राष्ट्राध्यक्ष ओबामा संतापले, की सदरा फाडून त्यांचा ‘द रॉक ओबामा’ होई! आपल्या दंडाच्या बेटकुळ्यांचीच त्याने थट्टा मांडली. २०१७ पर्यंत तो पाच वेळा यजमान झाला.

लाल मातीत ज्याची पाठ लागते तो हरतो. विनोदाच्या आखाड्यातला न्याय उलटा आहे. तेथे जो आपण होऊन पाठ टेकतो, त्याचीच कुस्ती.

हे शहाणपण आपल्याला परके नाही. वगातला सोंगाड्या राजाची टोपी उडवत आला आहे. १९६५ साली रंगभूमीवर आलेल्या वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने दरबाराची केवढी खिल्ली उडवली! आमच्या पुण्याच्या निळू फुल्यांच्या पडद्यावरील नुसत्या नजरेची बायाबापड्यांना धास्ती वाटे. पण त्यांची उमेदवारी झाली ती ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्यात. दरारा आणि हसू एकाच चेहऱ्यावर सुखाने नांदू शकतात, ते असे.

आपल्याकडे २०१४ मध्ये ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झाले. त्या थुकरटवाडीत शाहरुख खान, सलमान खान यांच्यासारखे हिंदीतले बडे वीरही येऊन गेले. भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे यांनी नामांकित चित्रपटांची यथेच्छ विडंबने केली आणि घराघरांत लोक पोट धरून हसले. मात्र येथे पाहुणा बहुधा पाहुणाच राहतो. त्याला मानाने बसवायचे, नव्या चित्रपटाची वाखाणणी करायची, आणि त्याने हसून दाद द्यायची. किल्ल्या घरधन्याच्याच कनवटीला!

त्या एकदा पाहुण्याच्या हाती द्याव्यात. आठवडाभर त्याला तालमीला बसवावे, त्याचे पाठांतर चुकू द्यावे, सोंगाड्याची टपली खाऊ द्यावी. कारण ज्यांच्यावर हसण्याची चोरी, अशा मोठ्या माणसांची आपल्याकडे वाण नाही. पडद्यावर, सभेत, कचेरीत आणि घरातसुद्धा. मुलांनी आपली नक्कल केली की काही वडील डोळे वटारतात आणि काही त्यांच्याहून मोठ्याने हसतात. यांतल्या कोणत्या घरी मुले वडिलांजवळ येऊन बसतात, हे का सांगायला हवे?