मोतीबिंदूचं ऑपरेशन ईदनंतरच?

"रोजे संपू देत, मग बघू." श्रीपुरात आमच्या गल्लीतल्या एक खाला मोतीबिंदूचा विषय निघाला की हेच सांगतात. गेल्या रमजानलाही हेच सांगितलं होतं. ईद झाली, लग्नसराई झाली, आषाढीच्या पालख्या गेल्या, ऑपरेशन राहिलं ते राहिलंच. आता इफ्तारला खजुराची बशी त्या चाचपून शोधतात.

रमजानशी एका अंध माणसाचं नातं फार जुनं आहे. मदिनेत हजरत बिलाल रात्रीची अजान देत आणि पहाटेची देत इब्न उम्मे मक्तूम. त्यांना दिसत नव्हतं. उजाडल्याचं कुणी सांगितलं की ते अजान द्यायचे. त्यांची अजान होईपर्यंत सहेरी खा, असं पैगंबरांनी सांगून ठेवलं होतं. पण त्यांच्या अंधत्वावर इलाज नव्हता. खालांच्या आजारावर आहे, तोही फुकट.

फुकट इलाज म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या माणसांना मिरज आठवतं. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस अमेरिकन मिशनतर्फे १८८९ मध्ये इथं आले. १८९४ मध्ये मिरजेत त्यांचं इस्पितळ उभं राहिलं. मोतीबिंदूची हजारो ऑपरेशनं त्यांनी केली. १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी पंढरपूरहून थेट मिरजेला जाऊ लागली, तशी आपल्याकडच्या रुग्णांचीही सोय झाली. मिशनला धर्मप्रसारही करायचा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण आमच्या घरची वडीलधारी मंडळी आधी मीरासाहेबांच्या दर्ग्यात जात, मग दवाखान्यात. दोन्हीकडून आली तशीच मुसलमान परत आली.

पुढं मदतीची रीत बदलली. १९७८ पासून डेन्मार्क सरकारनं आपल्या अंधत्व निवारण कार्यक्रमाला हात दिला. १९९४ ते २००२ या काळात महाराष्ट्रासह सात राज्यांत जागतिक बँकेच्या कर्जातून मोतीबिंदूचा प्रकल्प चालला. मंडपातली, शाळेच्या वर्गातली ऑपरेशनं मागं पडत गेली. जाड काचेच्या चष्म्याऐवजी डोळ्यातच भिंग बसू लागलं. हे भिंग परदेशातून यायचं तेव्हा महाग होतं. १९९२ मध्ये मदुराईच्या ऑरोलॅबनं ते इथंच बनवायला घेतलं आणि गरिबाच्या आवाक्यात आलं. माझ्या मते परदेशी मदतीचं सगळ्यात मोठं यश हेच, की आता तिची वाट बघावी लागत नाही. सरकारी रुग्णालयात ऑपरेशन आणि भिंग मोफत मिळतं.

मग अडतं कुठं? थेंबांवर. ऑपरेशननंतर काही आठवडे दिवसातून अनेकदा डोळ्यात थेंब टाकावे लागतात, आणि त्यानं रोजा तुटेल ही भीती. डोळ्यातल्या थेंबानं रोजा तुटत नाही, असंच अनेक उलेमा सांगतात. शंका असेल तर आपल्या मौलानांना विचारावं. आजाऱ्याला तर रोजा पुढं भरून काढण्याची सवलत कुरआननंच दिली आहे. डॉक्टरांनी वाकायला मना केलं तर नमाज खुर्चीवर बसून, इशाऱ्यानं होते. वुजूचं पाणी मात्र डोळ्यात जाऊ द्यायचं नाही.

उरतं गाडीभाडं आणि सोबतीला येणाऱ्याची बुडालेली मजुरी. जकातीचा हिशेब करणाऱ्यांनी गरजू म्हाताऱ्यांसाठी या खर्चाचाही विचार करावा.

परवा खालांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तरावीहच्या आत परत आणून सोडशील का?"