ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी घरच्या घरी टू-व्हील ड्राइव्ह करता येते का? आधी मधल्या डिफरन्शियलचं गणित समजून घ्या

यूट्यूबवर तुम्ही असे व्हिडिओ पाहिले असतील. ऑस्ट्रेलिया, इंग्लंड किंवा अमेरिकेतला एखादा माणूस घरामागच्या गॅरेजमध्ये जुन्या सुबारूचा गिअरबॉक्स टेबलावर ठेवतो, मागून काही भाग काढतो, एक लोखंडी तुकडा आत बसवतो, झाकण लावतो आणि म्हणतो, झाला टू-व्हील ड्राइव्ह! व्हिडिओ दहा मिनिटांचा. बघून वाटतं, चारपैकी दोन चाकांची ताकद बंद करायची आहे, त्यात एवढं काय? मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट काढून टाकला की काम संपलं!

पण बऱ्याच गाड्यांमध्ये नेमका तोच शाफ्ट काढला तर गाडी जागची हलतसुद्धा नाही. इंजिन चालू, गिअर पडलेला, क्लच सोडलेला, आणि पुढची चाकं ढिम्म. असं का होतं? हे एकदा कळलं की कुठली गाडी टू-व्हील करता येते, कुठली नाही आणि त्यासाठी नेमकं काय बदलावं लागतं, हे सगळं आपोआप उलगडतं. चला, सुबारूच्या पाच गिअरच्या मॅन्युअल गिअरबॉक्सचं उदाहरण घेऊन समजून घेऊया.

लोक असं करतातच कशाला?

मायलेज वाढवायला नाही. मायलेजमध्ये थोडाफार फरक पडेल, पण त्यासाठी गिअरबॉक्स खोलण्यात अर्थ नाही. खरं कारण वेगळं आहे.

सुबारूचं इंजिन आडवं-चपटं असतं, त्याला बॉक्सर इंजिन म्हणतात. ते कमी उंचीचं आणि आटोपशीर आहे. त्याच्यामागे लगेच गिअरबॉक्स, आणि त्याच गिअरबॉक्सच्या पोटात पुढच्या चाकांचा डिफरन्शियल. म्हणजे इंजिन, गिअर आणि चाकांकडे जाणारी ताकद, सगळं एकाच गठ्ठ्यात. घरी छोटी स्पोर्ट्स कार किंवा बीच बग्गी बनवणाऱ्या लोकांना हा गठ्ठा सोन्यासारखा वाटतो. तो उचलायचा आणि गाडीच्या मागच्या बाजूला बसवायचा. जुन्या फोक्सवॅगन व्हॅनमध्येही लोक सुबारूचं इंजिन टाकतात. अशा गाडीत ताकद फक्त मागच्या दोन चाकांना हवी असते. पण गिअरबॉक्स चार चाकांचा. मग त्यातली अर्धी वाट बंद करावी लागते.

मधला डिफरन्शियल काय करतो?

गाडी वळते तेव्हा चारही चाकं सारखं अंतर कापत नाहीत. बाहेरच्या बाजूची चाकं जास्त फिरतात हे आपल्याला माहीत असतं. पण पुढची चाकंसुद्धा मागच्या चाकांपेक्षा मोठ्या गोलातून जातात. पुढचे आणि मागचे शाफ्ट एकमेकांना कायमचे घट्ट जोडले, तर कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना ते एकमेकांशी झगडतात. टायर घासतात, गिअरवर ताण येतो. म्हणून कायम चारही चाकं चालवणाऱ्या गाडीत मध्ये आणखी एक डिफरन्शियल लागतो. तो पुढच्या आणि मागच्या बाजूला वेगवेगळ्या गतीने फिरू देतो, पण दोन्हीकडे जोर मात्र सारखा देतो.

या शेवटच्या वाक्यातच सगळी गोम आहे. जोर सारखा.

बैलजोडी डोळ्यासमोर आणा. जू मधोमध दांडीला बांधलेलं आहे. दोन्ही बैल ओढतात तेव्हा गाडी पुढे जाते. आता एका बाजूचा बैल सोडून दिला तर? दुसरा बैल कितीही ताकदीचा असू दे, त्याने जोर लावला की जू मधल्या बांधणीभोवती तिरकं फिरतं, गाडी पुढे जात नाही. समोरच्या टोकाला कोणी धरून ठेवणारं नसेल, तर या टोकाचा जोर वायाच जातो.

डिफरन्शियलचंही असंच आहे. मागचा शाफ्ट काढला की त्या बाजूला विरोध उरला नाही, म्हणजे तिथला जोर जवळपास शून्य. आणि दोन्हीकडे जोर सारखा असायचा हा नियम, म्हणून पुढेही शून्य. आकड्यात बघा: ५०:५० वाटणीच्या डिफरन्शियलची पेटी मिनिटाला १००० फेरे फिरत असेल आणि पुढची बाजू थांबलेली असेल, तर मागची मोकळी बाजू २००० फेरे फिरते. इंजिनची सगळी मेहनत हवेत फिरणाऱ्या त्या तुकड्यावर खर्च होते.

सुबारूच्या या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये डिफरन्शियलसोबत एक व्हिस्कस कपलिंगही असतं. एका बंद डबीत जाड सिलिकॉन द्रव आणि पातळ चकत्यांची चळत. पुढच्या-मागच्या गतीत फरक पडला की हा द्रव चकत्यांना ओढून धरायचा प्रयत्न करतो. त्यामुळे मागचा शाफ्ट काढलेली गाडी कधीकधी हळूहळू रांगते आणि माणसाला वाटतं, जमलं की! पण ते कपलिंग घसरणाऱ्या चाकाला मदत करण्यापुरतं बनवलेलं आहे, गाडीचा सगळा भार कायम वाहायला नाही. द्रव तापत जातो आणि थोड्याच वेळात कपलिंग कामातून जातं. त्यात आणखी एक गंमत, मागचा शाफ्ट गिअरबॉक्सच्या शेपटीत नुसता सरकवून बसवलेला असतो. तो ओढून काढला की त्या भोकातून गिअर ऑइल बाहेर येऊ लागतं.

मग बरोबर पद्धत कुठली?

या गिअरबॉक्सची रचना थोडी हुशारीची आहे. गिअरकडून आलेली ताकद एका पोकळ शाफ्टमधून मागे मधल्या डिफरन्शियलकडे जाते. तिथे वाटणी होते. अर्धी ताकद पोकळ शाफ्टच्या आतून जाणाऱ्या दुसऱ्या शाफ्टने परत पुढे येते. त्याच्या टोकाला पिनियन आहे, ते पुढचा क्राऊन गिअर फिरवतं. उरलेली अर्धी दोन ट्रान्सफर गिअरमधून मागच्या चाकांकडे जाते.

म्हणजे आपल्याला करायचंय इतकंच, की पोकळ शाफ्ट आणि आतला पिनियन शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडायचे. वाटणी करणाराच मधून काढून टाकायचा.

त्यासाठी स्पूल नावाचा भाग मिळतो. हा पोलादी तुकडा दोन्ही शाफ्टच्या खाचांवर एकाच वेळी बसतो आणि त्यांना एक करून टाकतो. कामाचा क्रम साधारण असा:

१. ऑइल काढून घ्यायचं. या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये गिअर आणि पुढचा डिफरन्शियल एकच ऑइल वापरतात, साधारण साडेतीन लिटर.

२. मागचं शेपटाचं हाऊसिंग आणि ट्रान्सफर केस सोडवायची. मधला डिफरन्शियल इथेच असतो. गिअर असलेली मुख्य केस फोडावी लागत नाही. म्हणूनच हे काम घरच्या गॅरेजमध्ये शक्य होतं.

३. डिफरन्शियल आणि मागे जाणारे ट्रान्सफर गिअर काढायचे, स्पूल बसवायचा.

४. पुढे-मागे किती हालचाल शिल्लक आहे ते मोजून योग्य जाडीची वॉशर टाकायची. अंदाजपंचे काम इथे चालत नाही.

५. शेपटाच्या जागी झाकण लावून भोक बंद करायचं. गिअर बदलणारा दांडा मात्र याच बाजूने बाहेर येतो, त्याची वाट मोकळी ठेवावी लागते.

दुसरा स्वस्त जुगाड म्हणजे मधल्या डिफरन्शियलचे आतले गिअर वेल्डिंग करून एकत्र चिकटवायचे. तत्त्व तेच, दोन्ही बाजू एकत्र बांधणं. पण हे गिअर कडक केलेल्या पोलादाचे असतात. अशा पोलादावरचं वेल्डिंग ठिसूळ होऊन तडकू शकतं. तुटलेला कण त्याच ऑइलमधून बाकीच्या गिअरपर्यंत पोहोचतो. शिवाय मागे जाणारे गिअर उगाच फिरत राहतात. स्पूलचे पैसे वाचतात आणि गिअरबॉक्स जातो.

पाच रिव्हर्स आणि एक फॉरवर्ड

आता एक मजेदार अडचण. सुबारूमध्ये पुढून मागे क्रम असा: इंजिन, चाकांचा अॅक्सल, गिअरबॉक्स. हा गठ्ठा मागच्या अॅक्सलवर तसाच ठेवला, म्हणजे इंजिन अॅक्सलच्या पुढे, तर चाकं बरोबर दिशेने फिरतात. मिड-इंजिन स्पोर्ट्स कारमध्ये हीच मांडणी असते.

पण जुनी फोक्सवॅगन बीटल किंवा व्हॅन घ्या. तिथे इंजिन अॅक्सलच्या मागे असतं. म्हणजे अख्खा गठ्ठा १८० अंशात फिरवावा लागतो. मग चाकं उलटी फिरतात, आणि तुमच्या हातात पाच रिव्हर्स गिअर आणि एक फॉरवर्ड गिअर असलेली गाडी येते! यावर उपाय म्हणजे उलट दिशेने कापलेला खास क्राऊन-पिनियन सेट. त्यासाठी मात्र मुख्य केस उघडावीच लागते, आणि तिथून पुढे काम हौशी माणसाच्या हातचं राहत नाही.

शिवाय जो पुढचा डिफरन्शियल आधी अर्धा भार घेत होता, तो आता सगळा घेतो. गाडी हलकी असेल तर चालून जातं. टर्बो इंजिन, रुंद टायर आणि जोरात क्लच सोडायची सवय असेल, तर दात तुटण्याची तयारी ठेवा.

एका फ्यूजवर काम होणाऱ्या गाड्या

सुबारूच्या जुन्या चार गिअरच्या बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये मधला डिफरन्शियल नसतो. पुढची चाकं थेट चालतात आणि मागची बाजू चकत्यांच्या क्लचने जोडली जाते. बॉनेटखाली एक रिकामा फ्यूज होल्डर असतो, त्यावर एफडब्ल्यूडी लिहिलेलं. तिथे फ्यूज लावला की कंट्रोलरला कळतं, मागचा क्लच सोडायचा. गाडी फ्रंट-व्हील ड्राइव्ह! फोनच्या सेटिंगमधलं एखादं बटण बंद करावं तसं. कंपनीने ही सोय लहान स्टेपनी लावून गाडी तात्पुरती चालवता यावी म्हणून दिलेली आहे, रोज वापरायला नाही.

म्हणजे बघा, एकाच कंपनीच्या दोन गाड्या. एकीत गिअरबॉक्स खोलावा लागतो, दुसरीत एक फ्यूज पुरतो. फरक फक्त मध्ये काय बसवलंय याचा.

आपल्याकडच्या गाड्यांचं काय?

मारुती जिप्सीत मधला डिफरन्शियल नाहीच. ट्रान्सफर केसचा लिव्हर २एच वर ठेवला की ती मागच्या दोन चाकांवर चालते. तिला बदलायची गरजच नाही. २०१४ मध्ये भारतात आलेली एडब्ल्यूडी डस्टर मुळात पुढच्या चाकांची गाडी, मागची चाकं इलेक्ट्रॉनिक कपलिंगने गरजेपुरती जोडली जातात, आणि टू-व्हील मोड डॅशबोर्डवरच्या नॉबवर मिळतो. सुबारू स्वतःच्या नावाने आपल्याकडे विकली गेली नाही, पण २००० च्या दशकात शेव्हरोले फॉरेस्टर म्हणून विकली गेलेली गाडी सुबारूचीच होती. सेकंडहँड फॉरेस्टरचा मागचा शाफ्ट काढून टाका असा सल्ला कोणी दिला, तर आता त्याला काय विचारायचं ते तुम्हाला माहीत आहे.

आणि कायद्याचं विसरू नका. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या नोंदणीतला तपशील मूळ कंपनीच्या तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. असा बदल लपवला, तर अपघातानंतर विम्याचा क्लेमही अडकू शकतो. परदेशातले बरेच लोक हे काम स्वतंत्र बनवलेल्या गाडीसाठी करतात आणि तिची तिथल्या नियमाप्रमाणे तपासणी करून घेतात. दहा मिनिटांच्या व्हिडिओत तो भाग सहसा दिसत नाही.

थोडक्यात

कुठल्याही ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीबद्दल तीन प्रश्न विचारा. पुढची आणि मागची बाजू जोडणारी वस्तू कोणती: डिफरन्शियल, क्लच की साधा लिव्हर? एक बाजू काढली तर दुसरीकडे जोर पोहोचेल का? आणि जो भार आधी दोघांत वाटला जात होता, तो एकटा उचलणारा भाग तेवढा मजबूत आहे का?

तिन्ही उत्तरं मिळेपर्यंत पान्हा खाली ठेवा. गाडीखाली जायचंच असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, खाली पक्के स्टँड लावा. गिअरबॉक्स ही एकट्याने उतरवायची वस्तू नाही, सोबत माणूस हवाच.

तुमच्या किंवा शेजाऱ्यांच्या ऑल-व्हील गाडीच्या मध्ये काय बसवलंय, हे मॅन्युअलमध्ये आजच शोधून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्याला पान्हाही लागत नाही.