किंबर्ली किनारा जलपर्यटन

किंबर्ली किनारा जलपर्यटन म्हणजे ऑस्ट्रेलिया खंडाच्या पश्चिम किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, मुख्यतः ब्रूम व डार्विन या बंदरांदरम्यान होणारी शोधसफर. रस्ते जवळजवळ नसल्याने हा दंतुर किनारा समुद्रातूनच पाहावा लागतो. एप्रिल ते ऑक्टोबर या कोरड्या ऋतूत लहान जहाजे निघतात आणि प्रवाशांना रबरी होड्यांतून खाड्यांत नेले जाते. मगरींमुळे समुद्रात पोहणे वर्ज्य असते.

सफरीचे वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवते, कारण येथे पाणी ११ मीटरपर्यंत चढते-उतरते. टॅलबट उपसागरातील दोन अरुंद खिंडींतून ते तितक्या वेगाने वाहू शकत नाही. त्यामुळे खिंडीच्या दोन्ही बाजूंच्या पातळीत सुमारे ४ मीटरपर्यंत फरक पडून ‘आडवा धबधबा’ तयार होतो. भरती ओसरली की त्याची दिशा उलटते. माँटगोमेरी प्रवाळखडक ओहोटीला समुद्रातून वर येतो असे वाटते. वास्तविक समुद्रच खाली गेलेला असतो.

फिलिप पार्कर किंग यांच्या सर्वेक्षणनौकेचे, ‘मरमेड’चे, नाव १८२० मध्ये करीनिंग उपसागरातील एका बोआब वृक्षावर कोरले गेले. (बोआब हा आपल्याकडील गोरखचिंचेचा सगोत्र.) हा किनारा तेव्हाही निर्जन नव्हता, हे येथील वांजिना शैलचित्रांवरून स्पष्ट होते. आडवा धबधबा डँबिमंगारी समाजाला पवित्र असून खिंडीतून नौका नेणे त्यांना मान्य नाही. २०२२ मध्ये तेथे नौका-अपघातात अनेक प्रवासी जखमी झाले. २०२८ पर्यंत ही वाहतूक बंद करण्याचा निर्णय पश्चिम ऑस्ट्रेलिया सरकारने २०२४ मध्ये जाहीर केला.