काँक्रीटचे देवमंदिर

दादरला पश्चिमेकडे उतरून ‘पोर्तुगीज चर्च’ कोठे असे विचारावे, म्हणजे कोणीही वाट दाखवितो. परंतु तेथे पोहोचलेला खेड्यातला भाविक क्षणभर गोंधळतो. चुन्याने शुभ्र केलेली दर्शनी भिंत व दोन्ही बाजूंस मनोरे, हे बालपणापासून मनात बाळगलेले चित्र तेथे नाही. आहेत ती काँक्रीटची निमुळती छपरे व त्यांच्यामधून डोकावणारी अंगणे. हे देवाचे घर की कारखाना, असा प्रश्न आमच्याही मनात आला होता, हे कबूल केलेले बरे.

तारणमातेचे हे मंदिर फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १५९६ साली प्रथम उभारले. आजची वास्तू १९७४ ते १९७७ या काळातील असून ती चार्ल्स कोरिया यांची रचना होय. गोमंतकीय वंशाच्या या वास्तुशिल्पज्ञाचा जन्म १९३० साली तेलंगणात, सिकंदराबादेस झाला. २०१५ साली ते निवर्तले.

आत गेल्यावर मात्र आमचे मत पालटले. आच्छादित जागा व उघडी अंगणे येथे एकमेकींत गुंफलेली आहेत. वाड्याच्या चौकात वावरलेल्या माणसास ती परकी वाटत नाहीत. छपराखालची उष्ण हवा वर चढून माथ्यावाटे बाहेर पडते आणि तिच्या जागी अंगणातली गार हवा आत येते. प्रभूने तरी प्रवचने कोठे केली? डोंगरावर आणि सरोवराच्या काठी! दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत सर्व भाविकांनी मनःपूर्वक सहभागी व्हावे असे सांगितले. त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी हे काम सुरू झाले, हेही ध्यानात घ्यावे.

आमच्या खेड्यापाड्यांत जुने कौलारू मंदिर पाडून सपाट स्लॅबचे नवे बांधण्याची हौस वाढली आहे. वैशाखात अशा मंदिरात मिस्सा ऐकणे म्हणजे भट्टीत बसणे! पण दोष काँक्रीटचा नव्हे. ओले काँक्रीट सेंटरिंगचा साचा देईल तो आकार घेते. सपाटच घ्यावा असा त्याचा हट्ट नसतो. वारा कोठून येईल हे आधी कोणी विचारीतच नाही.

देखभाल मात्र काँक्रीटलाही चुकत नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेत आतली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटचे पोपडे पाडते. जुन्या मंदिरास दरसाल चुना लावीत असू, तसे येथेही पावसाळ्यापूर्वी कोणीतरी वर चढून भेगा पाहिल्याच पाहिजेत.